कार्मेलिनचे चार झगे

आमच्या बोरिवलीच्या गावठाणात कार्मेलिनला विचारल्याशिवाय एकही ख्रिश्चन पोर पिक्चरला जात नाही. पोरांच्या आया फोन करतात, "कार्मेलिन, तू बघितलास का गं?" तिची कसोटी एकच. शेवटी चोर पकडला गेला तर पिक्चर पास, सुटला तर नापास. "चोरी करू नको, हे देवानं दगडावर लिहून दिलंय. ते पडद्यावर खोडायचं काय?" असं म्हणते. मी शेवंती, तिची शेजारीण. मला विचाराल तर गाणी झकास असली की झालं. पण मला कोण विचारतंय!

धंद्यानं ती शिंपीण. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला पोरी घालतात ते फ्रॉक, लग्नाचे गाऊन आणि कॉन्व्हेंटच्या सिस्टरांचे झगे शिवते. फ्रॉकच्या शिलाईवर घासाघीस केलीत तर कात्री घेऊन अंगावर येईल, पण सिस्टरांकडून पैसा घेत नाही. उलट झग्याचा खालचा घेर टाचताना अख्खी रोझरी, म्हणजे माळेच्या सगळ्या प्रार्थना, म्हणते. "ही घालणारी जिथे जाईल तिथे तिला सांभाळ," असं देवाला सांगते आणि मगच दोरा तोडते.

तिची एकुलती एक रोवेना. कॉमर्स शिकली आणि गेली सिनेमाच्या कपडेपटात! कार्मेलिननं अट घातली, "तुझा पहिला पिक्चर मी बघणार. मला लाज वाटली तर मुकाट बँकेत अर्ज करायचा." रोवेना हो म्हणाली. काय करते बिचारी?

एके दुपारी ती चार झग्यांची ऑर्डर घेऊन आली. "शाळेचा सीन आहे मम्मी. सिस्टर शिकवतात."

कार्मेलिन खूश. खऱ्या सिस्टरांसाठी शिवते तसेच शिवले. खिसे चांगले खोल ठेवले, कारण सिस्टरांना किल्ल्या, चष्मा, रुमाल सगळं खिशातच लागतं. मापाला दुसरं कोण मिळणार? रोवेनालाच एकेक झगा घालून स्टुलावर उभं केलं आणि स्वतः खाली बसून घेर टाचत रोझरी म्हणत राहिली. मी बाजूला भाजी निवडत होते. पोरगी खाली बघायलाच तयार नाही. मला वाटलं, पाय दुखत असतील.

पिक्चर लागला त्या दिवशी आम्ही तिघी गेलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तशी रोवेना खुर्चीत नुसती चुळबुळत होती. पडद्यावर चार बाया कार्मेलिनचे झगे घालून हिऱ्यांच्या कंपनीत शिरल्या. वॉचमननं हात जोडून दार उघडलं. मी म्हटलं, आता शाळा येईल. शाळा कसली! बायांनी तिजोरी उघडली आणि हिरे मुठीमुठीनं खिशात भरले.

"माझे खिसे!" कार्मेलिन एवढ्यानं ओरडली की पुढची रांग मागे वळली.

मला मेलीला हसू आवरेना. इंटरव्हलला तिनं पॉपकॉर्नला हात लावला नाही. मी म्हटलं, "पकडतील गं, धीर धर." पण कुठलं काय! पोलिसांचा कुत्रा झग्याचा घेर हुंगायला लागला तेव्हा कार्मेलिननंच माझा हात गच्च धरला. चौघी होडीत बसून हसत हसत सुटल्या.

"शेवंती, माझ्या रोझरीनं सुटल्या गं त्या," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी. "मीच मागितलं ना, सांभाळ म्हणून."

बाहेर बाकावर बसल्यावर ती रोवेनाकडे वळली. "तू मला शाळा सांगितलीस."

"खरं सांगितलं असतं तर तू शिवले नसतेस."

"नसतेच शिवले."

"माझं पहिलंच काम गेलं असतं. मम्मी, तू खाली बसून रोझरी म्हणत होतीस, मला त्या स्टुलावर उभं राहवत नव्हतं. सांगणार होते, पण भ्याले." पोरगी हमसून हमसून रडायला लागली. "उद्या बँकेत अर्ज करते."

मी मध्ये तोंड घातलं, "अगं कार्मेलिन, जाऊ दे ना..."

"तू गप गं!"

मग कार्मेलिननं नाक पुसलं. "ते झगे आधी कोणी घातले? त्या नट्यांनी?"

"मी."

"मग रोझरी कोणाला लागली?"

रोवेनानं डोळे पुसून वर बघितलं.

"घालणारीला सांभाळ म्हटलं होतं मी. पहिली घालणारी तूच होतीस ना? आणि चोर पकडला गेला की नाही?"

"गेला," रोवेना पुटपुटली.

"मग तू पास. बँक-बिंक काही नको. फादरकडे जाऊन खोटं बोलल्याचं कन्फेशन कर. आणि पुढच्या वेळी कपडे कोणाचे ते खरं सांग. चोरांचे असले तर दुप्पट शिलाई घेईन." असं म्हणून तिनं पोरीला जवळ ओढलं. मला मेलीला तिथेच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे चहा पीत होते, तर कोणा आईचा फोन. पोरांना पाठवू का?

"नापास," कार्मेलिन म्हणाली. "चोर सुटतात. पोरांना बिलकूल पाठवू नको." मग फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू मात्र जा. आणि शेवटी नावं येतात ना, ती संपेपर्यंत उठू नको. कपडेपटात माझी रोवेना आहे."