तपासणीला दिलेला फोन

"अरे, यात तर अख्खी चाळच राहते," बिल्डरचा वकील म्हणाला आणि माझा फोन त्याने बाजूला बसलेल्या मुलीकडे वळवला. तीही वकील. तीही हसली.

फोटो आमच्या शेजारच्या काकूचा होता. छातीच्या ऑपरेशनची जखम. काकूकडे साधा फोन, म्हणून नर्सला पाठवायला मी काढला होता. आमच्या मजल्यावर असंच चालतं. चांगला फोन ज्याच्याकडे, तो सगळ्यांचा.

लोअर परळला मिल पाडून बांधलेलं त्या वकिलाचं ऑफिस. गिरणी संपाआधी बाबा तिथेच साचे, म्हणजे कापडाचे माग चालवायचे. आता सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसले होते. चाळ पाडून याच जागेवर नवी खोली देईन, असं बिल्डर चाळीच्या चौकात सगळ्यांसमोर बोलला होता. आता नाही म्हणतो. त्या बोलण्याचा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये, आणि आमच्या खोलीचा दावा त्या एका व्हिडिओवर. कोर्टाने सांगितलं, मूळ फोन समोरच्यांना तपासू द्या. फोन उघडून देताना माझा हात अडखळला, तेव्हा बाबाच म्हणाले, "दी गो. आपल्याकडे लपवूचा काय आसा?"

व्हिडिओ केव्हाच बघून झाला होता. तरी बिल्डरच्या वकिलाचं बोट फोनवर फिरतच होतं. मोरीत केस धुणारी आई. भावाशी मेसेजवर झालेली माझी भांडणं. आमच्या वकिलाने फक्त घड्याळात बघितलं.

शेवटी मी फोन हिसकावून घेतला. "ऑर्डरमध्ये एक व्हिडिओ आहे. तेवढाच बघायचा."

"मॅडम, फुल कॉपी झाली पण," तो लॅपटॉपकडे बोट दाखवत म्हणाला. आल्या आल्या फोनला वायर लावली होती, ती त्यासाठी.

घरी येऊन काकूला सगळं सांगितलं. तिने नुसता पदर सारखा केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमचा वकील म्हणतो, विषय वाढवू नका, केस लांबेल. लांबू दे. मी अर्ज लिहिलाय. त्याने दिला नाही तर मी स्वतः उभी राहून देईन. आमच्या फोनची कॉपी पुसली, हे त्यांनी कोर्टात शपथेवर सांगायचं. आणि चौकातल्या सभेच्या आसपासचे बिल्डरचे मेल, मेसेज, सगळे आमच्यापुढे ठेवायचे. त्याशिवाय मी खोली सोडणार नाही.