कपाटावरची जाळी

चार बायका डबा खायला बसल्या की सासू-नणंदांचे विषय निघतात. आमच्या अंबडच्या कारखान्याच्या शेडमध्ये मात्र मशीनखालून हात वाचल्याचेच किस्से, आणि रोज त्यात एकाची भर. सांगणारी हसत सांगते, बाकीच्या हसतात. मला राग येतो. माझी पोर तीन वर्षांची आहे, तिची वेणी घालायला मला सगळी बोटं हवीत.

आम्ही प्रेसवर पत्र्याचे तुकडे कापतो. वरून कापायची पोलादी डाय धाडकन खाली येते. मधे हात सापडला की संपलं. म्हणून मशीनबरोबर लोखंडी जाळी आली होती. तिच्या फटीतून चिमट्याने पत्रा सरकवायचा, हात बाहेर. पण त्याला वेळ लागतो, म्हणून जाळी शेठच्या केबिनमध्ये, कपाटावर.

"तिथे का हो?" मी सुपरवायझर देवरेंना विचारलं.

"नवीन आहे, काढघाल करून खराब होईल."

माझे हात काय जुने झाले होते?

०

एकदा शेठच्या पेजरवर मेसेज आला, फॅक्टरी इन्स्पेक्टर येतायत. धावत जाळी उतरवली आणि घाईत उलटी बसवली. फट गेली मागे, भिंतीकडे. आता एक तुकडा आत जाईना. साहेबांनी वाकून पाहिलं, चहा प्यायला आणि म्हणाले, "छान, असंच ठेवा."

त्यांची गाडी वळायच्या आत जाळी परत कपाटावर.

०

प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच डाय खाली येते, म्हणजे हात आपोआप बाहेर. देवरेंनी त्यातलं एक दाबून धरलं आणि सायकलच्या ट्यूबने तसंच आवळून बांधून टाकलं.

"घ्या, तुमचा एक हात मोकळा झाला."

"मोकळा करताय की कमी करताय, भाऊ?"

"सातवी शिकून एवढं बोलता वहिनी, मॅट्रिक झाला असता तर?"

"तर तुमच्या खुर्चीत बसले असते आणि ही ट्यूब तुमच्या सायकलला असती."

०

बांगड्या अडकतात म्हणून मी त्या काढून जायचं म्हटलं, तर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "नवरा धडधाकट असताना ओकेबोके हात?"

मी दोन्ही हात त्यांच्या मांडीवर ठेवले. "यातलं काय परत आणू, हात की बांगड्या? तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साबण लावून त्यांनीच एकेक बांगडी उतरवली. एक पिचली. "वाढली," म्हणाल्या आणि तुकडे पदरात घेतले.

०

मी रजेवर होते त्या दिवशी माझ्या प्रेसवर विंचूरची मंदाताई बसली. पत्रा तिरका गेला म्हणून तिने सरळ करायला हात घातला. एक बटण बांधलेलंच होतं, दुसऱ्याला कोपर लागलं. उजव्या हाताचं अर्धं बोट गेलं.

शेठने काय करावं? प्रेसला लिंबू-मिरची बांधली. "मशीनला नजर लागली," म्हणाले.

मंदाताई पट्टी बांधून परत आली तेव्हा तिने लिंबाकडे पाहिलं. "शेठ, नजर मशीनला लागली, तर बोट माझं का हो गेलं? मशीन तर धड हाय."

०

दसऱ्याला मशीनची पूजा होती. शेठ आपल्या शाळकरी लेकीला घेऊन आले. ती कुंकू लावायला प्रेसजवळ गेली मात्र, शेठ ओरडले, "देवरे, मेन बंद करा! जाळी लावा आधी!"

मेन सकाळपासून बंदच होता. तरी जाळी आली, सुलटी बसली, ट्यूबही सुटली. लेकीने जाळीलाच हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली.

दुसऱ्या दिवशी कामावर आले तर देवरे पाना घेऊन प्रेसकडे निघालेले. मी जाळीपुढे उभी राहिले.

"शेठच्या लेकीने पूजलेली आहे. काढा बघू."

"वहिनी, बाजूला व्हा. जाळीला दोनच नट आहेत. माल निघाला नाही तर शेठ मला विचारतील."

मंदाताई उठली. देवाच्या फळीवरची कुंकवाची वाटी घेऊन आली. देवरे पाना धरून उभे होते, त्यांच्या हाताखालून वाकून तिने आपल्या त्या अर्ध्या बोटाने दोन्ही नटांना टिळा लावला.