होड्या वर ओढल्यावर

'ऑफ सीझन' हे शब्द कानावर पडले की आजही माझं डोकं सटकतं. अर्ध्या भाड्यात खोली, रिकामे किनारे, कटकट नाही, असं कुणी कौतुकानं सांगायला लागलं की मी उठून आत जातो. बायको म्हणते, किती वर्षं झाली, सोडा आता. नाही सोडत, जा!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वसईच्या वाडीवाल्याचा मुलगा, वालीवच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. तिथला माझा मित्र गोखिवऱ्याला फ्लॅटमध्ये राहायचा. त्याच्या टाळक्यात अंदमान शिरलं. पाठीवर सॅक टाकायची, मद्रासहून बोटीच्या बंक क्लासनं जायचं, बेटांवर मिळेल तिथं पडायचं. "जुलैत जाऊ रे, सगळं स्वस्तात," तो म्हणाला. तो साताऱ्याकडचा, त्याला समुद्र म्हणजे चौपाटी. पण मी? आमच्या घराजवळच कोळीवाडा. पाऊस लागला की कोळी होड्या वाळूवर वर ओढतात, त्यांच्यावर नारळाची झापं शाकारतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचं नाव काढत नाहीत. हे बघतच मी वाढलो आणि भर आषाढात बोटीनं बेटं फिरायला निघालो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

त्याच महिन्यात घरी वाडीवरून धुसफूस चालू होती. थोरल्या काकांना वाडी बिल्डरला द्यायची होती. बाबांना द्यायची नव्हती. सातबारा सामाईक, सह्या दोघांच्या लागणार. विहीर मचूळ होत चालली होती, राजेळी केळीच्या शेवटच्या दोन ओळी कशाबशा तग धरून होत्या, तरी बाबा दर वर्षी उन्हात केळी वाळवून सुकेळी करायचेच. माणूस कष्टाला वाघ, पण कुणाच्या तोंडावर नाही म्हणायचं तर त्यांची जीभच वळायची नाही. त्यातून थोरला भाऊ! बिल्डर एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर घरी यायचा होता.

"तू असलास की झालं. तू नाही म्हण, मी मान हलवतो," बाबा म्हणाले.

"त्याआधी शुक्रवारीच घरी असेन," मी छाती पुढे काढून सांगितलं. मग बाबांनी पत्र्याच्या पेटीतून सुकेळ्यांच्या पुड्या काढल्या आणि माझ्या सॅकमध्ये कोंबल्या. बाहेरचं खाऊन पैसे उडवू नका, म्हणाले.

पोर्ट ब्लेअरहून छोट्या बोटीनं आम्ही एका लांबच्या बेटावर गेलो. झोपडीचं छप्पर गळत होतं, गादीला बुरशीचा वास, जेवायला रोज तोच मसुरीच्या डाळीचा रस्सा. झोपडीचा मालक हसून म्हणायचा, सीझन नहीं है ना साहब. पहिले दोन दिवस मलाही मजा वाटली, खोटं कशाला सांगू? तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि धक्क्यावर वादळाचा तीन नंबरचा बावटा लागला. बोट बंद. मी रोज सॅक पाठीवर घेऊन धक्क्यावर जायचो, तिथला कारकून न बघताच हात हलवायचा. मित्र पत्ते पिसत म्हणाला, "टेन्शन काय घेतोस? फुकटची सुट्टी आहे." त्याला तिथंच बुडवावासा वाटला. बावटा लागल्यापासून पाचव्या दिवशी बोट सुटली तोवर मद्रासची आमची बोट निघून गेली होती. पुढची बारा दिवसांनी. विमानाच्या तिकिटाएवढे पैसे दोघांच्या खिशात मिळूनही नव्हते. स्वस्तात आलो होतो ना!

फोन बूथवरून शेजाऱ्यांकडे एकदाच फोन लागला. बाबांना बोलावून आणलं. "सही करू नका, मी येईपर्यंत थांबा म्हणून सांगा," मी बोंबललो. तिकडून खरखर, मग बाबांचा आवाज आला, "सावकाश ये. समुद्राशी हुज्जत घालू नकोस." लाइन तुटली.

सॅकमधल्या सुकेळ्यांना दमट हवेनं बुरशी धरली होती. वसईत एवढंसं पोरही पावसात ती पेटीबाहेर ठेवत नाही. मी सगळ्या पुड्या उचलल्या आणि धक्क्यावरून पाण्यात भिरकावल्या. राग होता, तो त्यांच्यावर काढला.

घरी पोचलो तेव्हा सह्या होऊन आठवडा उलटला होता. आई सांगत होती, बाबांनी बिल्डरला दोन तास ओट्यावर बसवून ठेवलं. माझा मुलगा बोटीत आहे, येईलच, एवढंच म्हणत राहिले. शेवटी काकांनी पेन हातात दिलं. मी काकांच्या दारात जाऊन वाट्टेल ते बोललो, सगळी गल्ली जमली. काका शांतपणे म्हणाले, "एवढी चाड होती तर फिरायला कशाला गेलास?" मी तसाच मागे वळलो.

परत आलो तर बाबा माझी रिकामी सॅक खुंटीला अडकवत होते. एक शब्द वावगा बोलले असते तर बरं झालं असतं. शिव्या द्यायला हव्या होत्या, थोबाडीत द्यायला हवी होती.

"सुकेळी खाल्लीत का सगळी?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता पेटीत एकही नाही. तुलाच सगळी दिली होती."