मालखान्यात ठेवलेला आवाज

निवृत्त पोलिसाने लिहायला बसावं आणि पहिलं वाक्य ‘ती घटना आजही आठवते’ असं नसावं, हे सहसा होत नाही. मीही तेच लिहितो, कारण आठवतेच. आधीच सांगून ठेवतो, यात ना खून आहे ना दरोडा. ज्यांना तसलं वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. हे प्रकरण आहे कॉम्प्युटरला बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कचं. तळहाताएवढी काळी डबी असते, लोक तिच्यात फोटो, गाणी, कागदपत्रं साठवून ठेवतात. नावं मी कोणाचीच देणार नाही. एक बाई सोडली तर कोणाला बरंही वाटणार नाही आणि त्या बाईला विचारायची सोय आता राहिलेली नाही.

मी तेव्हा अमरावतीत ठाणेदार होतो. बाजाराला लागून असलेलं ठाणं. सकाळची हजेरी, स्टेशन डायरी, मग अर्जांची फाईल, हा रोजचा क्रम. एका आठवड्यात एकाच दुकानाविरुद्ध तीन अर्ज आले. पहिला लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा. अख्खं लग्न त्या डबीत ठेवलं आणि डबी उघडेना, तेव्हा नवरीच्या बापाने त्याची गचांडी धरली होती. दुसरा एका निवृत्त मास्तरांचा, तिसरा शिकवणीवाल्याचा. तिघांचं रडगाणं एकच. डबी जोडली की आतल्या फायलींची नावं ओळीने दिसतात, पण उघडत एकही नाही. दुकानदाराकडे गेलं की तो गोड आवाजात सांगायचा, तुम्हीच झटका देऊन काढली असेल.

मी तिन्ही अर्जांवर शेरा मारला, ‘वस्तू सदोष, ग्राहक मंचाकडे दाद मागावी.’ सही ठोकली आणि चहा मागवला. तो शेरा मला आजही टोचतो. पोलीस ठाण्यात आलेल्या माणसाचं ऐकून न घेता त्याला दुसरा दरवाजा दाखवणं यात आमचा हात कोणी धरणार नाही.

दोन दिवसांनी आमचा एक जुना खबऱ्या आला. मोबाईल दुरुस्तीची टपरी चालवायचा. म्हणाला, “साहेब, त्या डब्या फोडून पाहा ना एकदा. आतमंदी काईच नाई. लोकायले उल्लू बनवून राहिला तो.”

फोटोवाल्याला बोलावलं, दोन पंच बसवले आणि त्यांच्यासमोर त्याची डबी उघडली. आत नखाएवढं मेमरी कार्ड आणि गोंदाने चिकटवलेले दोन लोखंडी नट. बस्स. खोलीतले सगळे हसले, मीही हसलो. फोटोवाला हसला नाही.

आमच्या सायबर शाखेतल्या मुलीने मला त्यातली मेख समजावली. “सर, बाहेर रांजण दाखवलाय आणि आत वाटी आहे. वाटी भरली की पुढचं सगळं सांडतं, पण किती ओतलं त्याची नोंद मात्र चालूच राहते. म्हणून नावं दिसतात.” नंतरच्या तपासात मला ही वाटी फार उपयोगी पडली.

दुकानदाराला बोलावलं. चाळिशीचा, कपाळाला गंध, तोंडात साखर. त्याने त्या उघड्या डबीकडे पाहिलं आणि हात जोडले. “साहेब, हा माल माह्या दुकानातला नाईच. असन तर बिल दाखवाले सांगा.” बिल तिघांकडेही नव्हतं. आपल्याकडे बिल कोण जपतं? गुन्हा दिसत होता, पण तो त्या दुकानाच्या उंबऱ्याशी बांधता येत नव्हता.

आणि बिल घेऊन ती बाई आली.

अंजनगाव सुर्जीच्या बाजूची. घरचा फुलांचा मळा. दर शुक्रवारी अमरावतीच्या बाजारात झेंडू आणि शेवंती घेऊन यायची. पन्नाशी उलटलेली, उन्हाने रापलेली, बोलायला एकदम रोखठोक. ठाण्यात पोलीस अशा डब्या गोळा करताहेत हे तिने बाजारात ऐकलं होतं. टोपलं व्हरांड्यात ठेवून ती थेट माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि पिशवीतून एक खंजिरी काढली. खंजिरीच्या कापडी खोळीतच तिने ती काळी डबी ठेवली होती, आणि डबीभोवती घडी घालून बिल. दुकानाचा शिक्का स्पष्ट.

मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. मी डबी घ्यायला हात पुढे केला तशी तिने ती छातीशी धरली.

“द्याची नाई मले. दाखवाले आनली.”

“मग आलात कशाला?”

“पुसाले. यातलं माणूस वाचते का नाई, थे पुसाले.”

हळूहळू तिने सांगितलं. नवरा गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचा, गायचा. गुरुकुंज मोझरीला दरवर्षी जायचा. म्हातारपणी त्याला दम्याने गाठलं. “आवाज जाईन साहेब, असं डॉक्टरनं सांगतलं. तं मी म्हनलं, जाच्या आंदी धरून ठेवू.” रोज संध्याकाळी मळ्यातून आलं की ती मोबाईल धरायची आणि तो म्हणायचा. दोन पावसाळे हे चाललं. मोबाईल भरला तेव्हा मायलेकींनी दुकानातून ही डबी आणली आणि लेकीने सगळं तिच्यात उतरवलं. दुकानदाराने सांगितलं होतं, आता मोबाईल रिकामा करा, यात पक्कं राहते. त्यांनी मोबाईल रिकामा केला. पुढच्या महिन्यात नवरा गेला. तेराव्याला डबी लावली तर नावांची यादी दिसली, वाजलं काहीच नाही. नंतर तर डबी जोडली की लेकीच्या कॉलेजातला कॉम्प्युटरच थांबून जायचा.

“उघडून पाहानार तुमी. उघडल्यावर जे काई आत असन थेबी गेलं तं?”

याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. पण मला बिलासकट ती डबी हवी होती. नोकरीत मी फिर्यादीला कधी शब्द देत नसे, हाताखालच्यांनाही देऊ देत नसे. त्या दिवशी दिला. म्हणालो, “मावशी, हे आम्ही इथे उघडत नाही. प्रयोगशाळेत जाणकार लोक असतात, ते उघडतील. त्यांचा आवाज मी तुम्हाला आणून देईन.” आता वाटतं, मी तेव्हा त्या दुकानदारासारखाच बोललो.

तिने पावती मागितली. दिली. गुन्हा दाखल झाला, डबीला सील लागलं, मुद्देमालाचा क्रमांक पडला आणि प्रयोगशाळेचा निरोप येईपर्यंत ती मालखान्यात, म्हणजे जप्तीच्या वस्तूंच्या खोलीत, गेली. खंजिरी तेवढी ती घरी घेऊन गेली.

पुढचा शुक्रवार आला तशी बाई आली. “आलं काय?” नाही म्हटल्यावर बाकावर जरा बसली आणि जाताना मालखान्याच्या दाराशी दोन झेंडूची फुलं ठेवून गेली. मग दर शुक्रवारी तसंच. मालखाना सांभाळणारे हवालदार नियमाचे पक्के. वैतागून माझ्याकडे आले, “साहेब, याची नोंद कोणत्या रजिस्टरला घेऊ?” मी म्हटलं, घेऊ नका. पण त्यांनी ती फुलं कधी झाडूने लोटली नाहीत, एवढं मी पाहिलं होतं. प्रयोगशाळेतून बोलावणं आलं, डबी तिकडे रवाना झाली, तरी फुलं त्याच दाराशी येत राहिली. मावशीला कोणी सांगितलंच नाही.

इकडे दुकानदार ऐकत नव्हता. बिल पाहिल्यावर त्याने नवं सुरू केलं. “साहेब, माल दिल्लीचा हाय. डबाबंद येते, डबाबंद जाते. मीच फसलो ना!” तीन वेळा जबाब घेतला, तिन्ही वेळा डोळ्यांत पाणी. रडणाऱ्या आरोपीचं मला काही वाटत नाही, पण याचं रडणं कोर्टात चाललं असतं.

मार्ग सापडला तो आमच्या एका शिपायामुळे. शेतकऱ्याचा मुलगा, चांदूर बाजारकडचा. फोटोवाल्याच्या डबीतले नट टेबलावर होते, ते त्याने उचलून उजेडात धरले. कडेला पिवळ्या रंगाचा एक पुसट थेंब होता.

“साहेब, हा नट टिफनीचा हाय.”

“कशावरून?”

“आमच्या घरी ट्रॅक्टरची टिफन हाय ना, पेरनीची. तिले असेच नट अन असाच पिवळा रंग. दिल्लीवाले यात कायले टिफनीचे नट टाकतीन?”

मी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो कळवळला. दुकानदाराच्या गोतावळ्याची चौकशी केली. त्याच्या साळ्याचं अकोल्यात शेतीची अवजारं बनवायचं शेड निघालं. दुपारी दोन गाड्या काढल्या. अकोल्याचं ऊन, पत्र्याचं शेड, आत भट्टी लागल्यासारखं. मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली रिकाम्या काळ्या डब्या, गोंदाची बंदूक, छापील खोकी आणि पिवळे थेंब उडालेले नट, तेलाचं एक पिंप भरून. साळा म्हणाला, “भाटव्यानं ठेवाले सांगतलं, मी ठेवलं.” भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा, आमचा दुकानदार. तेवढं पुरे होतं.

परत आल्यावर मी दुकानदाराला समोर बसवलं आणि टेबलावर फक्त एक नट ठेवला. विचारलं काहीच नाही. त्याने नटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर बोलायला लागला तो थांबेचना. सगळ्यात आधी काय म्हणाला असेल? “साहेब, पयला माल नटाशिवायच इकला. लोक हातात घेऊन म्हनत, लय हलका लागते. मंग वजन टाकलं. वजन टाकल्यावर कोनी इचारलं नाई.”

मी विचारलं, “फुलवाली मावशी आठवते?”

“आठवते. तिनं पुसलं होतं, यात आवाज किती दिवस टिकते.”

“तू काय सांगितलंस?”

“नातवायपर्यंत.”

माझा हात शिवशिवला. तो मी टेबलाखाली दाबून ठेवला आणि जबाब लिहून घेतला.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला पुढे बरेच महिने लागले. शुक्रवार येत राहिले. तिने विचारायचं, आम्ही नाही म्हणायचं. शेवटी शेवटी मी शुक्रवारी सकाळी गस्तीचं काम काढून बाहेर पडायला लागलो. खाकी घातलेला माणूस एका फुलवालीला तोंड दाखवायला भीत होता, हेही लिहितो.

अहवाल आला. डबीतल्या नोंदी पुष्कळ, त्यातली शाबूत एकच. पहिली. कार्डही जुनं, खराब; वाटीच तडकलेली निघाली आणि तिच्या तळाशी पहिलं ओतलेलं तेवढं राहिलं होतं. अकरा सेकंद. न्यायालयाची परवानगी घेऊन त्याची प्रत काढली आणि पुढच्या शुक्रवारी मी ठाण्यातच थांबलो.

तिला खुर्चीवर बसवलं. सायबरची मुलगी, नट ओळखणारा शिपाई, मालखान्याचे हवालदार, सगळे काही ना काही निमित्त काढून खोलीत आले. मी आधीच सांगितलं, “मावशी, बाकी सगळं गेलं. एवढंच राहिलं. आणि यात भजन नाही.” ती नुसती मान हलवत राहिली.

मुलीने बटण दाबलं. खंजिरीची एक थाप. मग खोकला. मग दम लागलेल्या म्हाताऱ्याचा आवाज, मिस्कील, आमच्याकडे बायकोला म्हणतात तसं ‘व’ म्हणत, अगदी जवळून:

“अवं, चालू झालं का व थे? का मी असाच बसून राहू?”

आणि संपलं. पहिल्याच दिवशी तिच्या हातून बटण चुकलं होतं, रेकॉर्डिंग बंद पडलं होतं. चुकलेलं पुसायचं कसं हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ते राहून गेलं होतं.

बाई खुर्चीत ताठ झाली. पदर सारखा केला आणि त्या छोट्या स्पीकरकडे पाहत, घरात बोलावं तशी म्हणाली,

“झालं, झालं चालू. म्हना आता.”

आणि ती थांबली. त्याने सुरू करावं म्हणून खरोखर थांबली.  सायबरची मुलगी खिडकीकडे वळून उभी राहिली. बऱ्याच वेळाने बाईच म्हणाली, “अजून एकडाव लावता का, बाई?” त्या दिवशी ते किती वेळा लावलं, मी मोजलं नाही.

निघताना मी तिची माफी मागितली. दिलेला शब्द पुरा झाला नाही म्हटलं. ती म्हणाली, “नाई कसा? भजनं काय, मंडळवाले म्हनतेच. मले ‘व’ म्हननारा कोन हाय आता?” टोपलं डोक्यावर घेता घेता तिने मला विचारलं, “साहेब, तुमच्या घरच्या बाईचा आवाज हाय का तुमच्यापाशी ठेवलेला?”

मी हसलो. म्हणालो, “मावशी, आमच्या घरी आवाजाची काही टंचाई नाही. दिवसभर चालूच असतो.” सगळे हसले, तीही हसली.

आरोपीला शिक्षा झाली. डबी रीतसर सुपूर्तनाम्यावर बाईला परत गेली. पुढे काही वर्षांनी तीही गेल्याचं त्या शिपायाने मला फोनवर कळवलं.

अशा लेखाच्या शेवटी प्रकरणाने काय शिकवलं ते लिहायचं असतं. खरं सांगतो, तेव्हा मला काहीही शिकवलं नाही. त्या संध्याकाळी घरी गेलो, बायकोने आतून हाक मारली, “आवो, जेवाले येता का अन्न थंड करून राहू?” आणि मी फाईलमधून डोकं न काढता म्हणालो, पाच मिनिटं. निवृत्तीनंतर भरपूर वेळ आहे असं मी धरून चाललो होतो. निवृत्तीला वर्ष व्हायच्या आत ती गेली.

मोबाईलमध्ये तिचे फोटो आहेत. आवाज एकही नाही, मी सगळं शोधून पाहिलं. त्या सायबरच्या मुलीलाही दाखवलं, आता ती मोठी अधिकारी आहे. तिने मोबाईल दोनदा पाहिला आणि माझ्या हातात परत दिला. आहे ती फक्त न उचललेल्या फोनची यादी. मी बंदोबस्तात असताना, बैठकीत असताना, उगाचच चिडलेलो असताना तिने केलेले फोन. तिचं नाव ओळीने दिसतं, खाली खाली जावं तितकं दिसतच राहतं.

जेवायला बसलो की मी आता ताट वाढून घेतो आणि जरा थांबतो. मग मीच म्हणतो, “आलो, आलो. हाक मार आता.”