मंडईच्या वर्गणीतल्या गोळ्या

प्रवासाच्या या ग्रुपवर उशिरा लिहितोय, माफ करा. प्रवास दिवाळीनंतरचा, आणि आता संक्रांत गेली. माझी शाळा सातवीपर्यंतची. मोबाईलवर एका बोटाने लिहायचे, आणि चुकले तर तुम्ही काय म्हणाल याची धास्ती.

धाकटी लेक वनिता केशोरीच्या पुढे एका लहान गावात सरकारी आरोग्य खात्याची आशाताई आहे. पाळणा लांबवायच्या गोळ्या घरोघरी पोचवते. वरूनच पुरवठा थांबला, डबा रिकामा झाला. फोनवर म्हणाली, "बाबा, मी मंडईच्या बैठकीत पैसे मांगनार आहो." मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, नाटकासाठी घरोघरून वर्गणी निघते. भर सभेत असला विषय! मी तिला अडवायलाच निघालो.

दवनीवाड्याहून गोंदियाला एसटी, पुढे बल्लारशाची पॅसेंजर. तिकीट स्वस्त, पण गाडी रमतगमत जाते. स्टेशनवरच आलूबोंडे बांधून घ्या. नवेगावकडचे जंगल खिडकीतून सुंदर दिसते म्हणतात. काळजीत मला दिसलेच नाही. अर्जुनीला उतरून काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही.

पोचलो तर बैठक सुरू, वनिता उभी.

"नाटकाच्या वर्गणीत गोळ्या? लोक हासतीन ना वं," अध्यक्ष म्हणाला.

मी मागून खूण केली, चल घरी. तिने पाहून न पाहिल्यासारखे केले.

"हासू द्या भाऊ. दोन महिन्याच्या गोळ्या पायजेत. अंजनाचा तिसरा अजून अंगावर पेते, चौथा कोन पोसनार?"

तेवढ्यात अध्यक्षाची म्हातारी आई उठली. "मले कोनी गोळी देल्ली नाही, म्हनून तू पाचवा झाला अन् अध्यक्ष होऊन बसला. दे पैसे!"

बायका अशा हसल्या की अध्यक्षही हसला. ठरले: रोषणाई कमी, उपकेंद्रातल्या नर्सबाई सांगतील त्या गोळ्या आधी.

"कोनाची लेक हाये हे?" शेजारच्याने विचारले.

"माही," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच.

दुसऱ्या दिवशी अर्जुनीच्या मेडिकलमध्ये दुकानदार गोळ्या कागदात गुंडाळू लागला. वनिता म्हणाली, "काऊन गुंडाळता? दारू थोडीच हाये." पिशवी मीच धरली, गावापर्यंत.

घरी आल्यावर टपरीवर विचारणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितले.

पण त्या गोळ्या आता संपत आल्या, आणि पुरवठा अजून नाही. वनिता आता ग्रामसभेत उभी राहणार. मी जाणार आहे, पुढच्या रांगेत बसायला. तुमच्या गावाने असे पैसे कुठून उभे केले असतील तर तिला सांगता येईल. सभा जवळ आली आहे. लवकर कळवा.