व्याह्यांनी पारखलेली बाबागाडी

जगातली प्रत्येक वस्तू म्हणजे एक बैल, असं धरून चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मी आळ्याची, ते घोडेगावाकडचे. उभी हयात त्यांनी बैलबाजारात घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा सौदा जुळवून देण्यात घालवली. बाजारचे दिवस सोडले तर इतर दिवशी माणसानं माणसासारखं वागायला हरकत नाही, पण व्याह्यांना ते जमत नसे. काहीही विकत घ्यायचं असलं की आधी ते त्या वस्तूभोवती दोन फेऱ्या मारत. मग तिच्या पाठीवर थाप टाकत, खाली वाकून पाय बघत आणि शेवटी समोर उभे राहून डोळ्यांत डोळे घालत. रेडिओला डोळे नसतात म्हणून त्याच्या बटणांकडे बघत. घरात कुकर आला तेव्हा तो त्यांनी तीन दिवस अंगणात नुसता ठेवला होता, नव्या जागी रुळू दे म्हणून.

माझ्या लेकीला बघायला आले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर म्हणाले, "पोरगी जरा विहिरीपर्यंत जाऊन येऊ द्या." लेक गेली आणि आली. हे गृहस्थ ओट्यावरून तिच्या पावलांकडे बघत होते. "चाल चांगली हाय," म्हणाले. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "दात पण बघून घ्या, म्हणजे झालं." त्यावर रागावणं दूरच, त्यांनी नीट विचार करून उत्तर दिलं, "माणसाचं दातावरनं वय कळत न्हाई, बाई." हा माणूस कपटी नाही, एवढं मला त्या उत्तरावरून समजलं आणि मी लग्नाला होकार दिला.

एकदा आम्ही दोघं एका लग्नाला निघालो होतो. एस.टी. आली, लोक चढले, मीही पायरीवर पाय ठेवला. व्याही मागच्या चाकापाशी उभे. "उतरा, विहीणबाई. मागनं बसलीय ही. चढाला टिकायची न्हाई." कंडक्टरनं घंटी मारली, मी उतरले आणि पुढचा सव्वा तास आम्ही फाट्यावर उन्हात उभे राहिलो. अक्षता चुकल्या. ती पहिली गाडी वेळेवर पोचली होती, हे त्यांना नवरीच्या मामानं सांगितलं, तर म्हणाले, "आज पोचली आसंल."

त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी ते स्वतः कधी सांगत नसत. ट्रकमध्ये बैल चढवताना एका बैलानं त्यांना फाळक्याशी दाबलं होतं. तेव्हापासून उजवा हात खांद्यातून गेला. बोटं शाबूत होती, घास तोंडापर्यंत जात होता, पण तांब्याभर पाण्याचं वजन घेतलं की हात खाली यायचा. ते हात बंडीच्या खिशात घालून ठेवत. नव्या माणसाला वाटावं, मोठा ऐटबाज म्हातारा आहे.

लेकीला मुलगी झाली ती माझ्या घरी. बारशाला व्याही आले, पाळण्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून पाय बघितले, डोळ्यांत बघितलं. पाठीवर थाप मात्र टाकली नाही. बायकांनी बाळ उचलून त्यांच्यापुढं धरलं, "घ्या आजोबा." ते एकदम मागे सरकले. "मला बारकी प्वारं धरता येत न्हाईत," म्हणाले आणि चहाचं विचारायला बाहेर गेले. मी त्यांच्या खिशाकडे बघितलं आणि बाळ परत पाळण्यात ठेवलं.

पुढं अडचण उभी राहिली. लेक त्यांच्याच गावच्या शाळेत मास्तरीण. शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, मधे ओढा. रजा संपत आली होती. घरात दुसरी बाई नाही, व्याह्यांची बायको जाऊन वर्षं झालेली. जावई पुण्याकडे कारखान्यात, रविवारी घरी येणार. मी माझी अंथरुणावरची सासू आणि दोन म्हशी टाकून तिकडे राहू शकत नव्हते. सकाळी बाळाला पाजून लेक जाईल, पाळणा व्याही हलवतील, उचल-ठेव शेजारची सून करील, इथपर्यंत जमत होतं. पण मधल्या सुट्टीत बाळाला आईपर्यंत न्यायचं कुणी? शेजारची सून भर दुपारी आपला स्वयंपाक सोडून रोज ओढ्यापलीकडे जाणार नव्हती. पगारी बाई बघावी तर बटाट्याच्या दिवसांत बाई मिळत नाही. जावई म्हणाला, "सोडून दे नोकरी, पुन्हा बघू." लेक बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालायला लागली. रडू आलं की ती लहानपणापासून असंच काहीतरी काम काढते. सोडलेली नोकरी पुन्हा दाराशी येत नाही, हे मला चौथीपर्यंत शिकूनही कळत होतं.

तेव्हा व्याही खाटेवरून म्हणाले, "बाबागाडी आणू."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्या काळी आमच्याकडे बाबागाडी शहरातून आलेल्या पाव्हण्यांच्या मागे दिसायची. गावात लेकरू कडेवर, नाहीतर झोळीत. जावई म्हणाला, "दादा, गावातली माणसं हसतील." व्याही म्हणाले, "बैल चालत आसला म्हंजे बघणारं हसलं तरी चालतंय."

गाडी घ्यायला मीच त्यांच्याबरोबर जुन्नरला गेले, कारण पाळण्याचा मान माहेरचा, तसा गाडीचाही असावा असं माझं मत होतं. पेठेत सायकलींचं एक दुकान होतं, तिथं बाबागाड्याही मिळत. दुकानदार मुसलमान, मेंदी लावलेल्या दाढीचा. त्याचे वडील बाजारात बैलांना नाल ठोकायचे, ही ओळख व्याह्यांनी पायरी चढायच्या आतच काढली. खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी एक गाठोडं काढलं. त्यात नातीच्या वजनाइतकी बाजरी होती. घरून तोलून आणली होती आणि लेकीच्या जुन्या ओढणीत बांधली होती. मला म्हणाले, "मोकळी गाडी कुनाचीबी पळती. वजान पडल्यावर कळतं."

पहिली गाडी दुकानदारानं दाखवली ती छत्रीसारखी मिटणारी, वर दोन मुठी. व्याह्यांनी ती उलटी केली, चाकं फिरवून कान लावला, सुलटी केली. बाजरी आत ठेवली, पट्टा आवळला आणि डाव्या हातानं डावी मूठ धरून रस्त्यावर निघाले. गाडी चार पावलं गेली आणि उजवीकडं वळून थेट भाजीवालीच्या मेथीत घुसली.

भाजीवाली म्हणाली, "बाबा, प्वार आसतं तर काय झालं आसतं?"

"खोडीची हाय," व्याही दुकानदाराला म्हणाले. "उजवीकडं वढती."

दुसरी गाडी घुंगरांची. तीही मेथीत. तिसरीच्या वेळी भाजीवालीनं जुड्या आधीच उचलून मांडीवर घेतल्या. "आणा आता कितीबी," म्हणाली. दुकानदाराचं डोकं चालेना. त्यानं तीच गाडी दोन्ही हातांनी धरून पेठेच्या कोपऱ्यापर्यंत नेली आणि आणली. दोरी लावल्यासारखी सरळ गेली. "बाबा, गाडीत काही नाही. दोन मुठी दिल्यात, दोन्ही धरा ना. हा हात खिशात कशाला?"

व्याही वाकून चाकाकडे बघत राहिले. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, ते तिन्ही वेळा बघून झालं होतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला दिसत होतं, की हा माणूस आता म्हणणार, गाड्या सगळ्या वाईट आहेत, चला घरी. आणि घरी गेलो की लेकीचा राजीनामा.

मी माझी पिशवी उचलून दुकानदाराच्या नाकापुढे धरली. "अहो शेठ, गाडी मी चालवणार आहे. बायामाणसाच्या एका हातात कायम पिशवी असते. दोन मुठी धरायला मला काय चार हात आहेत? एका हातानं चालणारी दाखवा, नसली तर तसं सांगा."

"मग आधी बोलायचं ना, खाला," मला मावशी करून दुकानदार म्हणाला आणि शिडी लावून माळ्यावर चढला.

वरून आली ती जुन्या घडणीची, निळी, जड, धुळीनं भरलेली. मुठींच्या जागी आडवा एकच दांडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणीतरी सांगून ठेवली होती आणि न्यायला आलं नव्हतं. व्याह्यांनी धूळ पुसली, दोन फेऱ्या मारल्या. बाजरी ठेवली. दांडा मधोमध डाव्या हातात धरला आणि जीभ टाळूला लावून बैल हाकताना करतात तसा आवाज काढला. गाडी भाजीवालीच्या पुढून सरळ गेली, चढ चढली, वरून वळली आणि खाली आली. भाजीवालीनं मेथी पुन्हा मांडली.

किमतीचं मी विचारणार, तोवर व्याह्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि आपल्या उजव्या हातावर टाकला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. पंचाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात आणि तो दोन हातांच्या बाहेर जात नाही. दुकानदार आधी हसला. मग आपला हात पंचाखाली घातला आणि त्याचं हसू गेलं. दोघंही भलतीकडेच बघत होते, एक देवळाकडं, एक मशिदीकडं. पंचा मधेच हलायचा. "पुरं आयुष्य या दुकानात घातलं," दुकानदार म्हणाला, "वडिलांनी शिकवलेलं आज पहिल्यांदा कामाला आलं." भाव ठरला. मला काही त्यांनी पैसे देऊ दिले नाहीत आणि भावही सांगितला नाही. मी त्या दिवशी विचारलं, पुढच्या दिवाळीला विचारलं, जावयानं विचारलं. "बोटांचं बोटांला म्हाईत," एवढंच म्हणायचे.

परतताना एस.टी.त गाडी मांडीशी धरून बसले होते. नारायणगाव मागं पडलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "विहीणबाई, तुमची पिशवी लई कामाची." मी म्हटलं, "हो, त्यात मिरच्या आहेत." तो विषय आम्ही पुन्हा कधी काढला नाही.

लेक कामावर रुजू झाली त्या दिवशी मी मुद्दाम तिकडे होते. दुपारी शेजारच्या सुनेनं नात गाडीत ठेवली. व्याह्यांनी दांड्याला कासरा बांधून त्याचं दुसरं टोक आपल्या कमरेला बांधलं. हातातून सुटली तरी माणसातून सुटणार नाही, हा हिशेब. पारावर बसलेल्यांपैकी एक जण ओरडला, "दादा, एकाच बैलाची गाडी का?" व्याही थांबले नाहीत. "बैल आत निजलाय, वरडू नगंस," म्हणाले.

मी मागून चालले होते, जरा अंतर ठेवून. ओढ्याचा उतार आला. तिथं त्यांनी गाडी उलटी वळवली, स्वतः खालच्या बाजूला झाले आणि पाठमोरे, एकेक पाऊल टाकत उतरले, सगळं वजन छातीवर घेऊन. बाळ त्यांच्या तोंडाकडं टकामका बघत होतं. तिच्याशी ते बोलत होते, पण ते मला ऐकू आलं नाही.

शाळेची घंटा झाली तेव्हा गाडी पटांगणात उभी होती. लेक व्हरांड्यात आली, गाडी बघितली आणि खांबाला टेकली. मग पोरांना रांगेत बसवून बाळ घेऊन आत गेली. व्याही कडुनिंबाखाली उभे राहिले, कासरा कमरेलाच. त्या दिवसानंतर घरात नोकरी सोडायचं कुणी बोललं नाही.

पोळ्याला त्यांनी गाडीला गेरू लावला, गोंडे बांधले, दांड्याला नवा दोर गुंडाळला आणि बैलांच्या मागून वेशीपर्यंत फिरवली. घरी आल्यावर पुढच्या चाकाला पुरणपोळी दाखवली. मी म्हटलं, "पाव्हणं, आता हिला ओवाळायचं का मी?" म्हणाले, "मग, वरीसभर राबलीय ती." मी ओवाळलं. वाद घालण्यापेक्षा ते लवकर होतं.

नात गाडीतून उतरली ती त्यांचं डावं बोट धरून. शाळेला त्याच बोटानं गेली, जत्रेला त्याच बोटानं. गाडी पुढं शेजारच्या सुनेच्या पोराला दिली. व्याही दोन-तीन वर्षांपूर्वी गेले, फार त्रास न होता. सायकलचं दुकानही आता तिथं नाही, मोबाइलचं झालंय.

नात आता माझ्यापेक्षा उंच आहे. सुट्टीत येते, तेव्हा फाट्यापर्यंत आम्ही दोघी चालत जातो. मी कशीही चालत असले, तरी ती मागून फिरून माझ्या डाव्या बाजूला येते. का येते, ते तिला ठाऊक नाही. मीही सांगत नाही. पिशवी तेवढी उजव्या हातात घेते.