उपवासाच्या दिवशीची सुई

कर्जतकडच्या आमच्या गावात, नव्वद सालानंतरची गोष्ट. साखरेचा आजार म्हटलं की लोक म्हणायचे, गोड खाऊन झाला असंल. माझ्या बायकोच्या वाट्याला गोड आलं कधी? सणाची पुरणपोळी, तीही उरली तर.

खुरपताना तिच्या पायाच्या अंगठ्यात काटा मोडला आणि जखम भरेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "मावशी, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. सुई रोज लागणार. मी काही रोज तुमच्या गावाला येणार नाही. तुमची तुम्ही शिका."

"आन चुकलं म्हंजी?"

"चुकलं तर विचारायला या. पण शिका."

शाळा तिनं बघितली नव्हती, मीही चौथीतच सोडलेली. तरी ती शिकली. सुई उकळायची, औषध मापानं ओढायचं, मांडीत टोचायचं. लघवी तपासायला काचेची नळी आणि निळं औषध दिलं होतं. त्यात लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर जास्त, विटकरी झालं तर लई. चुलीपाशी नको म्हणून ती गोठ्यात बसायची. मी म्हणायचो, "दारू गाळती का काय?"

"गाळली तरी तुमाला न्हाई मिळायची."

त्यात एकादशी आली, आणि माझी थोरली बहीण मुक्कामाला. तिनं कुठंतरी ऐकलं होतं की हे औषध जनावराच्या पोटातून काढतात. ते खरंही होतं. बहीण म्हणाली, "एकादशीला असलं अंगात घालती? उपास मोडला की तुझा."

बायको लग्नाआधीपासून एकादशी धरायची. त्या दिवशी तिनं सुई घेतली नाही. साबुदाणा, भगर, रताळी मात्र पोटभर खाल्ली. उपवासाचंच होतं ना.

संध्याकाळी नळी तापवली. विटकरी. पुन्हा तापवली, तेच. नळी चिमट्यात धरून ती तडक ओसरीवर आली आणि बहिणीपुढं उभी राहिली.

"वन्सं, बघा."

बहिणीनं नाकाला पदर लावला. "बाई गं, मला काय दावती ह्ये?"

"तुमचं ऐकलं, म्हनून तुमालाच दावते. अंगठा माझा जाईल, तुमचा न्हाई."

मी तोंड उघडलं तर मलाही गप्प केलं. "तुमी मधी पडू नका. पाय माझा हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं, काय खाल्लं तेसुद्धा. ते म्हणाले, साबुदाण्यानं साखर चढते, आणि सुई घेऊन नुसतं उपाशी राहिलात तर चक्कर येऊन पडाल. "उपास धरायचा का सोडायचा, तुमचं तुम्ही ठरवा."



पुढच्या एकादशीला सकाळी सुई घेतली आणि ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी घेऊन सगळ्यांसमोर जेवायला बसली. बहीण अजून मुक्कामालाच होती, म्हणाली, "देवाला काय सांगशील?"

"सकाळीच सांगितलं. त्यो काय बोलला न्हाई."

जखम लगेच भरली नाही. कधी हिरवं, कधी पिवळं, ती बघत राहिली, त्याप्रमाणं ताटातलं कमीजास्त करत राहिली. उन्हाळा सरता सरता कातडी धरली.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. मला तरी कमीच वाटतात. गेली ती तापानं. शेवटची आंघोळ घातल्यावर बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पायाचे अंगठे एकत्र बांधले. मी जवळ जाऊन बघितलं. दोन्ही होते.